बाबांना भेटायला येशील तेव्हा

बडोदा

चि. ओंकारास,
अनेक आशीर्वाद.

फोनवर तू म्हणालास, बाबांचे डोळे दुसऱ्या डॉक्टरांना दाखव, नाहीतर ते मुद्दामच माझ्याकडे बघत नाहीत. दोन्ही खरं नाही, म्हणून सविस्तर लिहिते आहे. दिवाळीला येण्याआधी नीट वाच, सूनबाईंनाही वाचायला दे.

डोळे चांगले आहेत. स्ट्रोक मेंदूच्या उजव्या बाजूला झाला आणि डावीकडे लक्ष नेणारी व्यवस्थाच दुखावली. डॉक्टर याला निग्लेक्ट म्हणतात. नुसती अर्धी नजर गेली तर बहुतेकांना ते उमगतं, मान वळवून ते उरलेलं बघतात. बाबांना काही बघायचं राहिलंय असं वाटतच नाही. भाजी-आमटी संपते, ताटाच्या डाव्या बाजूची चटणी-कोशिंबीर तशीच असते, आणि ते अगदी मनापासून विचारतात, "आज चटणी नाही केलीस?" मी ताट फिरवते, मग खातात.

एक प्रयोग मी कितीतरी वर्षं वर्गात शिकवला, तो आता घरात पाहिला. 1978 साली इटलीत बिसियाक आणि लुझ्झाती या संशोधकांनी अशा रुग्णांना मिलानच्या कॅथेड्रलसमोरचा चौक नुसता आठवून सांगायला लावला. कॅथेड्रलकडे तोंड आहे असं कल्पिलं की डावीकडच्या इमारती सांगण्यातून गळायच्या. कॅथेड्रलकडे पाठ केली की त्याच इमारती आठवायच्या आणि मघाशी सांगितलेल्या गळायच्या. मी बाबांना म्हटलं, जुन्या शहराच्या मधोमध मांडवीत उभे आहात, तोंड पाणीगेटकडे, सांगा काय काय आहे. उजवीकडच्या गेंडीगेटच्या रस्त्यावरची दुकानंसुद्धा सांगितली, डावीकडच्या चांपानेर दरवाजाचं नाव नाही. मग म्हटलं, आता उलट, लहेरीपुऱ्याकडे तोंड करा. लगेच चांपानेर दरवाजा आला, गेंडीगेट गेलं! ज्या रस्त्यांवर जन्म गेला ते रस्ते, ओंकार. आठवण शाबूत आहे, लक्ष तिथवर पोचत नाही. मग तुझ्याकडे बघत नाहीत याचा राग कसा धरायचा?

थेरपिस्ट कागदावरचे तारे शोधून खोडायला देतात. बाबा उजव्या कडेलाच घुटमळतात, बघितलेल्या जागी परत परत जातात. कुठे शोधून झालं याची नोंद मनात टिकत नाही, म्हणूनही असं होतं, हे मेंदूचे डॉक्टर मसूद हुसेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2001 साली दाखवलं. त्याआधी, 1988 च्या एका अभ्यासात, सापडलेली खूण नुसती खोडण्याऐवजी पुसून टाकली तेव्हा रुग्णांना जास्त खुणा सापडल्या. म्हणून मी परातीत काबुली चणे पसरते आणि त्यातले शेंगदाणे उचलून वाटीत टाकायला सांगते. उचललेला दाणा पुन्हा नजर ओढत नाही, हात हळूहळू डावीकडे सरकतो. शेंगदाणे राजम्यात मिसळले तर मात्र फार दमतात. सारख्या रंगातून वेगळं काढायला एकेका दाण्यावर लक्ष न्यावं लागतं.

आता तुझ्यासाठी. आल्याबरोबर डावीकडून हाक मारू नकोस. समोर ये, नजर मिळू दे, मग बोलत बोलत डावीकडे सरक आणि त्यांचा डावा हात हातात घेऊन तिथेच बस. उजवीकडे टीव्ही चालू असेल तर बंद कर. उजवीकडच्या गोष्टीत लक्ष एकदा अडकलं की सोडवणं त्यांना जड जातं. पेपराच्या डाव्या कडेला मी लाल रेघ ओढते. वाचताना ओळ अर्धवट सुटली तर "लाल रेघेपासून" एवढंच म्हण. "नीट बघा ना" असं कुणीही म्हणायचं नाही, पोरांनीसुद्धा नाही. चालताना तू डाव्या हाताला राहा, दाराची चौकट त्यांच्या खांद्याला लागते. दुपारनंतर थकतात आणि तेव्हा सगळंच वाढतं, म्हणून गप्पा सकाळी.

रात्रीची गाडी मिळाली तर तीच घे, म्हणजे सकाळी चहाला त्यांच्याजवळ बसता येईल.

तुझी आई