महेश्वर घाईने पाहू नये

महोदय,

मांडू-महेश्वर एका दिवसात उरकायचा बेत इंदूरकर हमखास करतात. मग महेश्वरला पोहोचतात भर दुपारी, घाटाचा दगड अनवाणी पायांना चटके देतो तेव्हा! मानपूर, धामनोदमार्गे अंतर सुमारे नव्वद किलोमीटर, पहाटे निघावे. अहिल्याबाई १७९५ साली निवर्तल्या त्या इथेच; त्यांचा साधा वाडा आधी पाहावा, मग पायऱ्या उतरून नर्मदा. पाणी चढलेले असेल तर नावेने नदीपात्रातल्या बाणेश्वराच्या देवळात जाण्याचा हट्ट नको.

साडी घेताना काठ उलटून पाहा: जुन्या धर्तीच्या महेश्वरीचा काठ दोन्हीकडून नेसता येतो. ताणा (उभे धागे) रेशमी, बाणा (आडवे धागे) सुती. दुकानाआधी हातमाग बघा, यंत्रमागाचा माल ओळखायला सोपे जाते.

– एक वाचक, इंदूर