गाडीचा पंप बदलण्याआधी अर्थिंग बघा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गणपती तोंडावर आले की घाटात बंद पडलेल्या गाड्यांच्या आणि त्यामागे लागलेल्या रांगांच्या बातम्या येऊ लागतात. मग कुणीतरी म्हणतेच, जुन्या गाड्या घाटात आणू नयेत. माझी गाडी अकरा वर्षांची आहे, पेट्रोलवरची, छोटी. गेल्या पावसाळ्यानंतर ती कुंभार्ली घाटात ओढेनाशी झाली. दोष तिच्या वयाचा नव्हता, पण ते कळेपर्यंत सात महिने गेले आणि २१,००० रुपये खर्ची पडले. म्हणून हे पत्र.

आम्ही असगोलीला राहतो. समुद्र घरापासून हाकेच्या अंतरावर. पत्नीला दर दोन महिन्यांनी तपासणीसाठी कराडला न्यावे लागते. चिपळूणपर्यंत गाडी उत्तम चाले. अलोरे, शिरगाव, पोफळीपर्यंतही काही तक्रार नसे. घाट लागला की दोन-तीन वळणांतच तिचा जीव जाई. दुसरा गिअर, ॲक्सिलरेटर तळाला टेकलेला आणि काटा वीसवर. मग झटके. मागे एसटी, तिच्यामागे मालाचे ट्रक. उतरणाऱ्याने चढणाऱ्याला वाट द्यावी हा घाटाचा नियम, पण चढणारी गाडीच उभी राहिली तर कोण काय करणार? जानेवारीत ती ऐन वळणावर बंद पडली. मी ब्रेक दाबून बसलो आणि गुडघ्यांच्या दुखण्याने बेजार असलेल्या माझ्या बायकोने खाली उतरून चाकामागे दगड लावला. ते दृश्य अजून डोळ्यांपुढून जात नाही.

एका वर्कशॉपमध्ये गाडीच्या कॉम्प्युटरमधले दोष वाचणारा स्कॅनर लावला, 'फॉल्ट काही नाही' म्हणाले आणि क्लचप्लेट बदलली, ९,००० रुपये. पुढच्या खेपेला प्लग आणि कॉइल, ७,५०० रुपये. त्यानंतर फिल्टर, थ्रॉटलची सफाई. प्रत्येक वेळी गाडी समोरच्या सपाट रस्त्यावर एक फेरी मारून आणली आणि 'ओके आहे' म्हणून किल्ली हातात दिली. सपाटीला ती पहिल्यापासूनच ओके होती! तक्रार चढाची, मग परीक्षा चढावर का घेत नाहीत?

मे महिन्यात शृंगारतळीच्या एका तरुण मिस्त्रीकडे गेलो. त्याने बॉनेट उघडण्याआधी एकच प्रश्न विचारला, "गुरुजी, चढाला इंजिनाचा आवाज वाढतो आणि गाडी मागे राहते, की आवाजच दबतो?" आवाज दबतो, म्हणालो. "मग तुमचा क्लच चांगलाच होता." क्लच सुटत असेल तर इंजिन ओरडते, गाडी पुढे सरत नाही आणि जळका वास येतो. आवाजच दबत असेल तर इंजिनाला पेट्रोल किंवा हवा कमी पडते आहे, किंवा धूर बाहेर पडायला अडतो आहे. सात महिन्यांत हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता.

त्याने पेट्रोलच्या लाइनला प्रेशर गेज जोडले आणि त्याची लांब नळी बाहेरून आणून गेज काचेवर वायपरखाली अडकवले. गेज आत घ्यायचे नाही, पेट्रोल गळले तर जिवाशी खेळ, हेही बजावले. मला शेजारी बसवून गाडी चढावर काढली. उभ्या गाडीत साडेतीनवर असलेला काटा चढाला सरकत सरकत दोनच्या खाली आला. सपाटीला इंजिन पेट्रोल थोडेच पिते, तेवढे टाकीतून पेट्रोल ढकलणारा पंप मंदावला तरी पुरवतो. चढाला मागणी वाढते आणि पंप उणा पडतो. या गाडीत पेट्रोलचा दाब मोजणारा सेन्सरच नाही, मग स्कॅनर काय सांगणार?

मला वाटले, आता पंप बदलणार. त्याने मागची सीट उचलली आणि मल्टिमीटर काढला. इंजिन चालू असताना बॅटरीवर १३.९ व्होल्ट, पंपाच्या पिनांवर जेमतेम १०.८. मधले तीन व्होल्ट गेले कुठे? मीटरची एक तार बॅटरीच्या निगेटिव्हला आणि दुसरी पंपाच्या अर्थिंगला, म्हणजे पंपातली वीज गाडीच्या बॉडीत परत नेणाऱ्या काळ्या वायरला, लावल्यावर ते तिथेच सापडले. ही वायर बॉडीला जिथे बोल्टने आवळलेली होती, तो बोल्ट हाताला कोमट लागत होता. खोलला तर खाली लाल गंजाची भुकटी आणि थिंबलवर (वायरच्या टोकाच्या धातूच्या कडीवर) हिरवा थर. पत्रा पॉलिश पेपरने चकचकीत केला, नवीन थिंबल दाबली, वर ग्रीस लावले. पंपावर १३.६ आले. बिल ४५० रुपये, तेही मोजलेले आकडे लिहून. त्याच आठवड्यात कराडला गेलो, घाट एकदाही न थांबता चढलो.

किनाऱ्यावर राहणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे. खारा वारा आणि चार महिन्यांची ओल वायरिंगचे सांधे आतून खाते, वरून टेप शाबूत दिसते. २२ जुलै २०२१ च्या पुरात चिपळुणात ज्या गाड्या बुडाल्या, त्यांच्या मालकांनी तर सगळी अर्थिंग एकदा खोलून बघावीत. प्रत्येक गाडीचा दोष हाच असेल असे मी म्हणत नाही. डिझेल गाडी चढाला काळा धूर ओकत फुसफुसत असेल तर टर्बोची (इंजिनात हवा दाबून भरणाऱ्या पंख्याची) नळी फाटली आहे का ते बघावे. पावसाळ्यात डिझेल फिल्टरमध्ये साचलेले पाणी काढावे.

वर्कशॉपवाल्यांना माझी कळकळीची विनंती आहे. चढाची तक्रार आली तर गाडी चढावरच चालवून बघा. सुटा भाग बदलण्याआधी काय मोजले आणि किती आले ते बिलावर लिहा, जुना भाग गिऱ्हाइकाला परत द्या. गिऱ्हाइकांनीही बिल मागितल्याशिवाय पैसे देऊ नयेत. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार बिल न देणे ही अनुचित व्यापारी प्रथा आहे.

ती हिरवी पडलेली थिंबल मी डबीत जपून ठेवली आहे. आपल्या भागातल्या ज्या आयटीआयला मोटर मेकॅनिकच्या मुलांना दाखवायची असेल त्यांनी कळवावे, मी गाडीसकट येईन.

– एक निवृत्त प्राथमिक शिक्षक, असगोली, ता. गुहागर