बेसबॉलपटू हुआन सोटोची २२ नंबरची जर्सी बदलून देण्यास नकार दिल्याबद्दल तक्रार

प्रति,
व्यवस्थापक,
ग्राहक सेवा विभाग

दिनांक : १८ फेब्रुवारी २०२५
ब्रिजवॉटर, न्यू जर्सी

संदर्भ : १४ सप्टेंबर २०२४ रोजी गणेशोत्सवातल्या आपल्या स्टॉलवर केलेली खरेदी आणि त्यानंतर आपल्याकडून आलेली उत्तरं

सप्रेम नमस्कार,

आपली कंपनी मराठी माणसाची आहे आणि खरेदीच्या वेळचं सगळं बोलणं मराठीत झालं होतं, म्हणून हे पत्र मराठीतच लिहिते आहे. इंग्रजीतून बरेच ईमेल करून झाले. दर वेळी उत्तर आलं, पण कारण दर वेळी नवीन. म्हणून आता सगळं एकदा क्रमाने मांडते.

१४ सप्टेंबरला शनिवार होता. आरतीनंतर आम्ही आपल्या स्टॉलवर आलो. माझे सासरे साताऱ्याहून तीन महिन्यांसाठी आले होते आणि नातवाला अकराव्या वाढदिवसाची भेट त्यांना स्वतःच्या पैशाने घ्यायची होती. मुलाने बोट दाखवलं ते न्यू यॉर्कच्या यँकीज या बेसबॉल संघाच्या पांढऱ्या, निळ्या रेघांच्या जर्सीकडे. पाठीवर २२. हुआन सोटोची. किंमत १४० डॉलर. सासरे आयुष्यभर शेती आणि शाळामास्तरकी करत आले, त्यांनी पैसे काढण्याआधी एकच प्रश्न विचारला : "हा गडी पुढच्या वर्षी इथंच असणार का?"

प्रश्न अगदी नेमका होता. सोटोचा करार त्या हंगामाबरोबर संपणार, हे यँकीजच्या प्रत्येक चाहत्याला माहीत होतं. उन्हाळाभर आमच्याकडे दुसरी चर्चाच नव्हती. आपल्या माणसाने लगेच बिलाच्या मागची ओळ दाखवली, मोठ्याने वाचूनही दाखवली : "खेळाडूने खरेदीपासून ९० दिवसांत संघ बदलला, तर जर्सी विनाशुल्क बदलून मिळेल." वर म्हणाला, "काका, म्हणूनच तर ही सोय ठेवली आहे, बिनधास्त घ्या." त्या एका ओळीवर विश्वास ठेवून सासऱ्यांनी पैसे दिले. ती ओळ नसती तर मुलाला त्याच संघातल्या ॲरन जजची ९९ नंबरची जर्सी घेतली असती. जज २०२२ च्या डिसेंबरात नऊ वर्षांचा करार करून बसलेला आहे, तो कुठे जाणार नव्हता.

पुढचं आपल्यालाही ठाऊक आहे, पण तारखांसाठी लिहायला हवं. १९ ऑक्टोबरच्या रात्री क्लीव्हलँडमध्ये दहाव्या इनिंगला सोटोने एकामागून एक चेंडू फाऊल, म्हणजे रेषेबाहेर, मारत शेवटी होमरन, म्हणजे थेट मैदानाबाहेर जाणारा फटका, मारला, तीन धावा आल्या आणि यँकीज २००९ नंतर पहिल्यांदा वर्ल्ड सिरीजला, म्हणजे विजेतेपदाच्या अंतिम मालिकेला, पोचले. आमच्या घरात सोफ्यावर उभा राहून ओरडणारा मुलगा तीच जर्सी घालून होता आणि शेजारी आजोबा त्याचा हात धरून उभे होते. ३० ऑक्टोबरला पाच धावांची आघाडी पाचव्या इनिंगमध्ये घालवून यँकीज ती मालिका लॉस एंजेलिसच्या डॉजर्सशी हरले. दुसऱ्या दिवशी, ३१ ऑक्टोबरला, सोटो फ्री एजंट झाला, म्हणजे करार संपून कुठल्याही संघाकडे जायला मोकळा झाला. यँकीजने नियमाप्रमाणे एका वर्षाचा दोन कोटी साडेदहा लाख डॉलरचा प्रस्ताव दिला, तो त्याने नाकारला. मग ८ डिसेंबरच्या रविवारी रात्री बातमी आली : न्यू यॉर्कचाच दुसरा संघ मेट्स, १५ वर्षं, ७६.५ कोटी डॉलर. यँकीजची शेवटची बोली १६ वर्षांसाठी ७६ कोटी होती, असं वृत्तपत्रांनी छापलं. ११ डिसेंबरला करार अधिकृत झाला आणि १२ तारखेला क्वीन्समध्ये मेट्सची जर्सी घालून तो पत्रकारांपुढे बसला.

आता दिवस मोजा. १४ सप्टेंबरपासून नव्वदावा दिवस येतो १३ डिसेंबरला. बातमी आली पंचाऐंशीव्या दिवशी. करार अधिकृत झाला अठ्ठ्याऐंशीव्या दिवशी. आणि फ्री एजंट झाला तो दिवस धरायचा म्हटलं, तर तो सत्तेचाळिसावा. कुठलीही तारीख घ्या, मुदत टळत नाही.

मी ९ डिसेंबरला सकाळी कामावर जायच्या आधी पहिला ईमेल केला. १० तारखेला आपलं उत्तर आलं की करार अजून अधिकृत नाही, वैद्यकीय तपासणी बाकी आहे, अधिकृत झाल्यावर पुन्हा अर्ज करा. मला ते पटलं. ११ तारखेच्या रात्री पुन्हा ईमेल केला, सोबत बिलाचा फोटो जोडला. उत्तर आलं ते "आपला अर्ज मिळाला, पाच कामाच्या दिवसांत कळवू" एवढंच. १३ तारखेला दुपारी जेवणाच्या सुट्टीत फोन केला, चाळीस मिनिटं थांबले, फोन कट झाला. आणि १७ डिसेंबरला आपण कळवलंत की ९० दिवसांची मुदत संपल्यामुळे अर्ज बंद करण्यात आला आहे.

मला सगळ्यात जास्त लागलं ते हे. थांबा असं आपण सांगितलंत, मी थांबले, आणि मग थांबले म्हणून मुदत गेली असं आपणच सांगता. माझे ईमेल ९ आणि ११ तारखेचे आहेत. आपल्या कार्यालयात ते कुणी कधी उघडले याच्याशी ग्राहकाचा काय संबंध?

हे मी लिहून कळवल्यावर ६ जानेवारीला दुसरं कारण आलं. म्हणे, बिलावरचा "संघ बदलला" याचा अर्थ फक्त ट्रेड; सोटोचा करार संपला होता, त्यामुळे त्याने संघ "बदलला" असं म्हणता येत नाही. बेसबॉल ज्याला ठाऊक आहे त्याने हे लिहावं याचं मला वाईट वाटतं. ट्रेडमध्ये खेळाडूला क्लब पाठवतो. मेजर लीगमध्ये, म्हणजे सगळ्यात वरच्या पातळीवर, सहा वर्षं पूर्ण झालेला खेळाडू फ्री एजंट झाला की स्वतः जातो. हिवाळ्यात सगळ्यात मोठी नावं याच वाटेने जातात, ग्राहकाला धास्ती असते ती याच वाटेची, आणि सासऱ्यांनी विचारलं होतं तेही याच वाटेबद्दल. आपल्याला ट्रेडच म्हणायचं होतं तर बिलावर ट्रेड हा शब्द छापायचा होता. शिवाय सप्टेंबरच्या मध्यावर विकलेल्या जर्सीला ट्रेडपुरतीच हमी द्यायची, तर ती कसली हमी? ट्रेडची मुदत जुलैअखेर संपते. हंगाम संपेपर्यंत त्या खेळाडूचा ट्रेड व्हायचा प्रश्नच येत नाही, आणि सोटोसारख्याचा तर त्यानंतरही नाही, कारण हंगाम संपला की तो क्लबच्या हातातच राहत नाही. म्हणजे ज्या जर्सीसाठी आपण ती ओळ वाचून दाखवलीत, तिला ती ओळ कधी लागूच होणार नव्हती.

तिसरं कारण २२ जानेवारीचं. यँकीजच्या जर्सीवर नाव नसतं, फक्त आकडा असतो, आणि आकडा क्लबचा आहे, तेव्हा जर्सी "अजूनही वापरण्याजोगी" आहे. यँकीज पाठीवर नाव लिहीत नाहीत हे खरं. त्या क्लबची ती फार जुनी शिस्त आहे आणि मला ती आवडते. पण बिलावर आपणच छापलं आहे : "सोटो, २२, मुलांचा लार्ज." स्टॉलवर जर्सी टांगली होती तीही सोटोच्या फोटोखाली. विकताना सोटो आणि परत घेताना नुसता आकडा, हे कसं चालेल?

या जर्सीसाठी मी इतकी अडून का बसले आहे, असं आपल्याला वाटत असेल. त्याचं कारण आमच्या गावात आहे. यँकीजचा डबल-ए संघ (मुख्य संघासाठी तरुण खेळाडू घडवणारा खालच्या पातळीवरचा संघ), सॉमरसेट पेट्रियट्स, २०२१ पासून ब्रिजवॉटरमध्येच खेळतो. आमच्या घरापासून गाडीने बारा मिनिटं. व्होल्पी, ऑस्टिन वेल्स, डोमिंगेज हे पुढे यँकीजकडे गेलेले सगळे आम्ही तिथे कुंपणापाशी उभं राहून पाहिले आहेत. २०२२ च्या सप्टेंबरात या संघाने ईस्टर्न लीग या स्पर्धेचं विजेतेपद जिंकलं त्या रात्री आम्ही चौघं मैदानावर होतो. आमच्या पिचरने, म्हणजे चेंडू टाकणाऱ्या रँडी व्हास्केजने, आठ इनिंगमध्ये समोरच्या संघाला एकही हिट, म्हणजे यशस्वी फटका, दिली नाही, नवव्या इनिंगमध्ये आलेल्या पिचरनेही दिली नाही, आणि डोमिंगेजने दोन होमरन मारले. माझ्या मुलाला बेसबॉल लागला तो त्या रात्री.

त्यानंतर सव्वा वर्षाने, २०२३ च्या डिसेंबरात, यँकीजने सोटोला सॅन डिएगोच्या पॅड्रेसकडून आणलं आणि बदल्यात पाच जण दिले. त्यात हा व्हास्केज होता. सॉमरसेटकडूनच खेळून गेलेला ड्रू थॉर्प होता. मायकेल किंग होता, ज्याने पुढच्याच हंगामात सॅन डिएगोला १७३ इनिंग टाकून नऊ इनिंगमागे सरासरी फक्त २.९५ धावा दिल्या. एवढं देऊन मिळालं काय, तर सोटोचं एक वर्ष आणि सोबत ग्रिशम नावाचा आणखी एक खेळाडू. ते वर्ष सुंदर होतं, ४१ होमरनचं, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण मुलाने मन घट्ट करून ओळखीच्या पिचरांना निरोप दिला आणि सोटोला आपला मानला, तेव्हा कुठे ती जर्सी अंगावर आली. म्हणून आठ डिसेंबरला रात्री त्याने ती घडी करून कपाटाच्या तळाशी ठेवली, तेव्हा मी त्याला म्हटलं, काळजी करू नकोस, आजोबांनी विचारून घेतलं आहे, बदलून मिळेल. मी त्याला दिलेला तो शब्द आपल्या शब्दावर उभा होता.

बदली कोणाची घ्यायची यावर घरात दीड महिना वाद चालला आहे. संक्रांतीला आमच्याकडे तिळगुळाला माणसं जमली तेव्हा दिवाणखान्यात तोच विषय होता. दोघे-तिघे म्हणत होते, सोटो गेला तेच बरं झालं, त्या पैशांत संघ भरून निघाला : पिचर मॅक्स फ्रीड आठ वर्षांसाठी, २१.८ कोटी, ब्रुअर्सकडून डेव्हिन विल्यम्स, कब्सकडून कोडी बेलिंजर, एका वर्षापुरता गोल्डश्मिट. बाकीचे म्हणत, चार माणसं मिळून सोटो होत नाही, जजच्या पुढे उभा राहणारा असा डावखुरा परत मिळायचा नाही. माझं मत पहिल्या बाजूचं आहे. सोटोवर ७६ कोटी लावून पिचिंग उघडं टाकण्यापेक्षा फ्रीड घेणं शहाणपणाचं. मात्र बेलिंजर आणि गोल्डश्मिट दोघांनीही आपले एमव्हीपीचे, म्हणजे हंगामातला सर्वोत्तम खेळाडू ठरण्याचे, दिवस मागे टाकलेले आहेत, त्यांच्यावर फार भिस्त ठेवू नये असं मला वाटतं. माझ्या पतींना फ्रीडची ५४ हवी होती. मुलाचा जीव सुरुवातीला बेलिंजरच्या ३५ वर होता, कारण कोडीचे वडील क्ले बेलिंजर यँकीजकडून खेळले तेव्हा त्यांचाही नंबर ३५ होता.

मुलीने मात्र पहिल्यापासून डोमिंगेजचं नाव लावून धरलं. सोळाव्या वर्षी यँकीजने त्याला ५१ लाख डॉलर देऊन घेतलं. २०२३ च्या १ सप्टेंबरला ह्यूस्टनमध्ये पहिल्याच बॅटिंगला त्याने व्हरलँडर या पिचरला होमरन मारला, आठ सामन्यांत चार मारले, आणि मग कोपराचं ऑपरेशन झालं. यंदा डावीकडचं आउटफील्ड त्याचं असावं अशी आमची सगळ्यांची इच्छा आहे. त्याला ती जागा झेपेल का, यावर संक्रांतीला सर्वात जास्त आवाज चढले. पण मुलीचा मुद्दा बिनतोड होता : तो आत्ताच वर आला आहे, सहा वर्षं भरल्याशिवाय तो फ्री एजंट होऊच शकत नाही. साताऱ्याहून फोनवर सासरे म्हणाले, "बाजारातनं आणलेली म्हैस कुणाच्याही दावणीला जाईल, आपल्या गोठ्यात वाढलेलं वासरू घ्या." त्यावर मुलगा गप्प बसला आणि थोड्या वेळाने म्हणाला, "ब्रिजवॉटरचाच घेऊ."

तेव्हा माझी मागणी अशी. जेसन डोमिंगेजची २४ नंबरची, घरच्या सामन्यांची पांढरी जर्सी, मुलांचा एक्स्ट्रा लार्ज, कोणताही खर्च न आकारता पाठवावी. मोठ्या साइजमुळे किमतीत फरक असेल तर तो मी भरेन, त्याची मागणी मी आपल्याकडे करत नाही. ते जमत नसेल तर १४० डॉलर परत करावेत. ते सासऱ्यांच्या नावाने परत जातील. दोन्ही नाकारायचं असेल तर बिलावरच्या कोणत्या शब्दाच्या आधारे, ते लेखी कळवावं. १० मार्चपर्यंत उत्तर आलं नाही तर बिल, ईमेल आणि हे पत्र घेऊन मी राज्याच्या ग्राहक व्यवहार विभागाकडे जाणार आहे. आणि मंडळाच्या समितीलाही कळवीन, कारण पुढच्या गणपतीत स्टॉल कुणाला द्यायचा हे तेच ठरवतात.

आणखी एक विनंती आहे, ती माझ्यासाठी नाही. बिलामागची ती ओळ ठेवणार असाल तर तिच्यात "ट्रेड अथवा फ्री एजन्सी" असं स्पष्ट छापा, आणि मुदत पाळली की नाही हे ग्राहकाने कळवल्याच्या तारखेवरून ठरेल हेही लिहा. स्टॉलवर भेट घ्यायला येणारे निम्मे लोक आजी-आजोबा असतात. त्यांना क्लबचे करार कळत नाहीत, ते समोरच्या मराठी माणसाचं बोलणं ऐकून पैसे काढतात.

जुनी जर्सी धुऊन, इस्त्री करून, आपल्याच पिशवीत भरून ठेवली आहे. चार वेळा घातलेली आहे, शिवण कुठेही उसवलेली नाही. आपला माणूस एडिसन गावाकडून येत असेल तर संध्याकाळी सहानंतर घरी कुणीतरी असतं. यँकीजचा पहिला सामना २७ मार्चला घरच्या मैदानावर ब्रुअर्सशी आहे, आणि मुलाने त्या दिवशी घालायला कपाटातला एक हँगर रिकामा ठेवला आहे.

कळावे,

आपली ग्राहक
(नाव, पत्ता व फोन नंबर बिलावर आहेत)

सोबत : बिलाच्या दोन्ही बाजूंची प्रत, ९ व ११ डिसेंबरचे माझे ईमेल, १० डिसेंबर, १७ डिसेंबर, ६ जानेवारी व २२ जानेवारीची आपली उत्तरं