चिनाराचे भाऊबंद दाखवणाऱ्या सरांना

आदरणीय सर,
सप्रेम नमस्कार.

फोनवर ‘थँक्यू’ म्हटलं, पण तेवढ्यानं मन भरलं नाही. म्हणून हे चारचौघांत लिहितोय.

तुमची माझी ओळखही नव्हती. मी अपशिंग्याचा पेन्शनर फौजी, तुम्ही साताऱ्यात आयुष्यभर वनस्पतीशास्त्र शिकवलेलं. गावातली तुमची एक जुनी विद्यार्थिनी मध्ये पडली आणि मी ट्रंकेतलं चिनाराचं वाळकं पान, देठ अन् फळांची माळ घेऊन तुमच्याकडे आलो. दारात चिनार लावायचाय, रोप कुठं मिळेल, एवढंच विचारायचं होतं. पोस्टिंग काश्मीरला होती, आमच्या लष्करी कोअरच्या नावातच चिनार. श्रीनगरच्या नसीम बागेतले मुघलांच्या काळापासूनचे ते घेर एकदा पाहिले की माणूस ते झाड विसरत नाही.

‘इकडं ते रमणार नाही’ एवढं सांगून तुम्ही मला वाटेला लावू शकला असता. तुम्ही आधी चहा सांगितला आणि भिंग काढलं.

देठाचं बूड पोकळ असतं, हे मी इतकी वर्षं चिनाराखाली उभा राहून पाहिलं नव्हतं. पुढच्या वर्षीचा कोंब त्या पोकळीत टोपी घातल्यासारखा झाकलेला असतो आणि पान गळतं तेव्हाच तो उघडा पडतो. मग तुम्ही माळेतले गोंडे मोजायला लावलेत. एका दोरीवर तीन किंवा जास्त गोंडे दिसले की तो बहुधा आपला पूर्वेकडचा चिनार, ग्रीस-तुर्कस्तानापासून इराणकडे पसरलेला. अमेरिकेतल्या भावाच्या दोरीवर बहुतेक एकच गोंडा. हे दोघे कोट्यवधी वर्षं समुद्रानं वेगळे राहिले, तरी सतराव्या शतकात युरोपातल्या बागांत शेजारी आल्यावर त्यांची सोयरीक जमली. त्यातून लंडनच्या रस्त्यांवरचं झाड झालं, त्याला बहुधा दोन गोंडे. कॅलिफोर्निया, ॲरिझोना आणि मेक्सिकोतले तुम्ही भराभर सांगितलेत, पण व्हिएतनाम-लाओसमधल्यापाशी थांबलात. त्याचं पान अखंड, लांबट, बोटं नसलेलं. झाड सदाहरित आणि कोंब देठात लपवायची रीतही त्याला नाही. पानावरून चिनार ओळखणारा माझ्यासारखा माणूस त्याच्याजवळून सरळ निघून गेला असता.

रोपाचं उत्तर तुम्ही शेवटी दिलंत, आणि ते मला पटलं. चिनाराला कडक हिवाळ्यात झोपायची सवय. आपल्या उन्हात रोप तगलं तरी तो घेर आणि हरूदमधला, म्हणजे काश्मिरातल्या पानगळीच्या दिवसांतला, तो लाल रंग यायचा नाही. आणि दुसऱ्या रविवारी गुडघे दुखत असताना तुम्ही मला पाचगणीला घेऊन गेलात. त्या उपकाराची फेड माझ्याकडं नाही.

पाचगणीतला सिल्व्हर ओक मी लहानपणापासून बघतोय. तो ओक नाही, ऑस्ट्रेलियाच्या पूर्व किनाऱ्याकडचा आहे, हे ऐकून होतो. पण तो चिनाराच्या नात्यातला! पान नेच्यासारखं चिरलेलं, मागून चंदेरी, फुलोरा नारिंगी. कशाचा कशाला मेळ नाही. दिसण्यावरून कोणी हे नातं जुळवलं नसतं. डीएनए तपासल्यावर ते उघड झालं आणि 1998 च्या नव्या वर्गीकरणात चिनार, सिल्व्हर ओक आणि आपण देवाला वाहतो ते कमळ, ही तिन्ही कुळं एका गणात आली. कमळाचं नाव घेतलंत तेव्हा मला खरंच भरून आलं. कासच्या कुमुदिनी तळ्यातलं फूल मात्र या घराण्यातलं नाही, हेही तुम्ही बजावलंत. नुसतं पाण्यात राहिल्यानं नातं लागत नाही.

काश्मिरात खासगी जागेतला चिनारसुद्धा परवानगीशिवाय तोडता येत नाही. तिथल्या लोकांची ती माया मी जवळून पाहिली आहे. इथल्या झाडांकडं मी तसं कधी बघितलंच नव्हतं, ते तुमच्यामुळं बघायला लागलो.

आता एक विनंती. मार्च-एप्रिलकडं सिल्व्हर ओक फुलतो, तेव्हा गावच्या शाळेतली पोरं पाचगणीला न्यायची आहेत. पान आणि माळ मी आणतो, भिंग तुम्ही आणा. गाडी दारापर्यंत येईल, गुडघ्यांची काळजी करू नका. वहिनींनाही आग्रहाचं बोलावणं सांगा.

आपला ऋणी,
अपशिंग्याचा एक निवृत्त सैनिक