गांजा कायदेशीर करा, पण दुकानाच्या दारावर पूर्ण खरं लिहा

प्रति,
मा. जोश शापिरो,
गव्हर्नर, पेनसिल्व्हेनिया राज्य, हॅरिसबर्ग

सप्रेम नमस्कार.

प्रौढांना गांजा विकत घेण्याची मुभा द्यावी, असा आग्रह आपण एकामागून एक अर्थसंकल्पांत धरत आला आहात. मी या राज्याची मतदार आहे आणि या प्रश्नावर आपल्या बाजूची आहे. ७ मे २०२५ रोजी राज्याच्या प्रतिनिधिगृहात त्यासाठीचं विधेयक १०२ विरुद्ध १०१ असं एका मताने तरलं, तेव्हा मला मनापासून आनंद झाला. आठवडाभरातच सिनेटच्या समितीने ते ७ विरुद्ध ३ मतांनी फेटाळलं. पण विषय तिथे संपलेला नाही. आपल्या सहा शेजारी राज्यांपैकी न्यूयॉर्क, न्यू जर्सी, मेरीलँड, डेलावेअर आणि ओहायो या पाचांमध्ये दुकानं उघडली आहेत, फक्त वेस्ट व्हर्जिनिया उरलं आहे. आज ना उद्या आपल्याकडेही विक्री सुरू होणार. म्हणूनच मसुदा पक्का होण्याआधी हे पत्र लिहिते आहे.

गव्हर्नरसाहेब, ही दुकानं उघडतील तेव्हा दारावर लिहिलेलं असेल: वय २१ पूर्ण. एक्स्टन, किंग ऑफ प्रशिया, मेकॅनिक्सबर्ग, पिट्सबर्ग या भागांत राहणारी आमची हजारो मुलंमुली २१ वर्षांवरची आहेत. पुण्याहून, नागपूरहून, नाशिकहून आलेली. कुणी ड्रेक्सेलला किंवा कार्नेगी मेलनला एम.एस. करतंय, कुणी एचवनबी या कामाच्या व्हिसावर नोकरीला आहे, कुणाचं ग्रीन कार्ड दहा-बारा वर्षं रांगेत अडकलंय. ती पाटी वाचून यांतला कुणीही समजेल की आपल्यालाही परवानगी आहे. तशी परवानगी त्यांना नाही, आणि हे त्यांना सांगणारं तिथे कुणीच नसेल.

आपण सहा वर्षं या राज्याचे ॲटर्नी जनरल होतात, त्यामुळे कायदा मी आपल्याला शिकवायला नको. हे पत्र वाचणाऱ्या आमच्या लोकांसाठी मात्र तो स्पष्ट लिहिते. राज्याने काहीही ठरवलं तरी अमली पदार्थांच्या १९७० च्या केंद्रीय कायद्याच्या यादीत गांजा आहेच, आणि व्हिसा, ग्रीन कार्ड, नागरिकत्व ही सगळी कामं केंद्र सरकारची. जो नागरिक नाही त्याने गांजा बाळगल्याचं अधिकाऱ्यासमोर नुसतं कबूल केलं, कोर्टात खटला चाललेला नसला तरी, तेवढ्यावर त्याला प्रवेश नाकारता येतो. मुंबईच्या कॉन्सुलेटसाठी भरायच्या डीएस-१६० या व्हिसाच्या फॉर्ममध्ये अमली पदार्थांचा कायदा मोडला आहे का, असा सरळ प्रश्न असतो. ग्रीन कार्डाच्या वैद्यकीय तपासणीत डॉक्टर विचारू शकतात. नागरिकत्वाच्या मुलाखतीत तर विचारतातच. एप्रिल २०१९ मध्ये इमिग्रेशन खात्याने लेखी कळवलं की राज्यात कायदेशीर असलेल्या गांजाच्या धंद्यात नुसती नोकरी केली तरी नागरिकत्वाच्या अर्जदाराचं ‘नैतिक चारित्र्य’ कमी पडू शकतं. म्हणजे दुकानात कॅशियर म्हणून बसलेली मुलगी, जिने आयुष्यात एक झुरकाही मारलेला नाही, तीसुद्धा अडकू शकते.

केंद्रीय कायद्यात अमली पदार्थांच्या पाच याद्या, म्हणजे शेड्यूल, आहेत; एक सर्वांत कडक. गांजा शेड्यूल एकमधून तीनमध्ये नेण्याचा प्रस्ताव केंद्राने मे २०२४ मध्ये काढला, तेव्हा आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर ‘आता सुटलो’ असे मेसेज फिरले. तसं नाही. इमिग्रेशनचा कायदा पाचही शेड्यूल धरतो. एकचं तीन झालं तरी आमच्या मुलांच्या फाइलीत काही बदलत नाही.

सगळ्यात क्रूर मला वाटते ती तीस ग्रॅमची सवलत. ग्रीन कार्डवाल्याला स्वतःपुरता तीस ग्रॅमपर्यंत गांजा बाळगल्याबद्दल एकदाच शिक्षा झाली असेल, तर तेवढ्या कारणावर हद्दपारी होत नाही. हे ऐकून माणूस निर्धास्त होतो आणि भावाच्या लग्नाला भारतात जातो. परत येताना नियम वेगळा लागतो, तिथे ही सवलत आपोआप मिळत नाही, माफीचा अर्ज करावा लागतो आणि तो मान्य होईलच असं नाही. घर इथे, बायको-मुलं इथे, आणि हा नेवार्कच्या विमानतळावर उत्तरं देत बसलेला. फिलाडेल्फियाने २०१४ पासून थोड्या गांजावर पंचवीस डॉलर दंड ठेवला आहे. शहराची हद्द ओलांडली की त्याच पुडीसाठी राज्याच्या कायद्याने तीस दिवसांचा तुरुंग होऊ शकतो, आणि त्या शिक्षेची नोंद परदेशी माणसाला जन्मभर पुरते. कायदेशीरकरण मला हवं आहे ते याच कारणासाठी. अटकच झाली नाही तर नोंदही होणार नाही.

होसे पाडियांचं प्रकरण आपल्याला माहीत आहे. चाळीस वर्षांहून अधिक काळ कायदेशीरपणे अमेरिकेत राहिलेला, व्हिएतनाम युद्धात या देशासाठी लढलेला माणूस. ट्रकमधून गांजा नेताना केंटकीत सापडला. हद्दपारीची काळजी करू नकोस, असं वकिलाने सांगितलं म्हणून त्याने गुन्हा कबूल केला. २०१० मध्ये सुप्रीम कोर्टाने ठरवलं की परदेशी अशिलाला हद्दपारीचा धोका सांगणं हे बचावाच्या वकिलाचं कर्तव्य आहे. मग ज्या दुकानाला राज्य स्वतः परवाना देणार आणि ज्याच्या विक्रीवर कर घेणार, त्याच्यावर तेवढीही जबाबदारी नको का?

माझी मागणी साधी आहे. दारावर, काउंटरवर आणि वेबसाइटवर वयाच्या सूचनेएवढ्याच ठळक अक्षरांत लिहायला लावा: ‘तुम्ही अमेरिकेचे नागरिक नसाल, तर गांजा घेणं, बाळगणं किंवा इथे नोकरी करणं यामुळे तुमचा व्हिसा, ग्रीन कार्ड किंवा नागरिकत्व धोक्यात येऊ शकतं. आधी इमिग्रेशन वकिलाला विचारा.’ नोकरीवर घेताना हेच मालकाने लेखी द्यावं. आणखी एक. आमची बरीच मुलं वयाचा पुरावा म्हणून खिशातला भारतीय पासपोर्ट काढतात. वय बघायचं तेवढं बघा, पण पासपोर्ट स्कॅन करून नाव-नंबर साठवायला सक्त बंदी घाला. अशी यादी एकदा तयार झाली की ती उद्या कुणाच्या हाती लागेल, याची हमी आपणही देऊ शकणार नाही.

जुन्या शिक्षांचंही बघा. २०१८ मध्ये क्लीन स्लेट कायदा करून जुन्या नोंदी आपोआप झाकणारं हे देशातलं पहिलं राज्य ठरलं, त्याचा मला अभिमान आहे. पण झाकलेली नोंद इमिग्रेशनच्या लेखी शिक्षाच राहते. राज्याने दयेपोटी पुसलेली शिक्षा ते मोजतात. खटल्यातच कायदेशीर दोष होता म्हणून कोर्टाने रद्द केलेली मोजत नाहीत. त्यामुळे परदेशी माणसांना अशा दोषाच्या आधारे कोर्टात जाण्याची वाट आणि त्यासाठी मोफत वकील, ही तरतूद नव्या मसुद्यात हवी. गांजाच्या करातून त्याचा खर्च सहज निघेल.

काही दोष आमच्या घरांचाही आहे. गांजा म्हटलं की आई-वडील फोन ठेवून देतात, मुलगा वाया गेला असं धरून चालतात. त्यामुळे अडचणीत आलेली मुलं घरी विचारत नाहीत, मंडळात विचारत नाहीत, रूममेटला विचारतात, आणि रूममेटला त्यांच्याइतकंच माहीत असतं. गणपतीत आणि संक्रांतीला आपण दोनशे-तीनशे माणसं एकत्र जमवतो, त्यात एक तास इमिग्रेशन वकिलाला द्या, हे मी आमच्या मंडळांनाही सांगणार आहे.

आपण पुढचा मसुदा विधिमंडळाकडे पाठवाल तेव्हा ही कलमं त्यात असावीत. समितीसमोर साक्ष द्यायला बोलावलंत तर हॅरिसबर्गला येईन. सूचना मराठीत हवी असेल तर भाषांतर आम्ही विनामूल्य करून देऊ. गुजराती, तेलुगू आणि हिंदीसाठी माणसं शोधून देण्याची जबाबदारीही घेऊ.

आपली विश्वासू,
चेस्टर काउंटीतील एक मराठी मतदार