उडत्या तबकडीसाठी पराती हव्यात आणि एक गच्चीही

सोलापूरकरांना नमस्कार.

आमच्या हौशी लघुपट मंडळाने वीस मिनिटांचा कृष्णधवल लघुपट हाती घेतला आहे. काळ १९५६, गाव आपलेच. गिरणीचा भोंगा ही कुणा महाकाय प्राण्याची हाक आहे असे समजून परग्रहवासी पेठांवर उतरतात, एवढी गोष्ट आत्ता सांगतो. सगळ्या करामती त्या काळच्या रीतीने, कॅमेऱ्यासमोरच करायच्या आहेत. म्हणून पैशांपेक्षा वस्तू, जागा आणि हात जास्त लागणार आहेत.

आधी पराती. ॲल्युमिनियमच्या, १२ इंची, सहा नग. दोन पराती काठाला काठ लावून जोडल्या आणि वर वाटी पालथी घातली की तबकडी तयार. स्टीलची परात जड पडते, शिवाय तिच्यात कॅमेरामनचे तोंड दिसते. जोडलेल्या परातींना आम्ही बिनचमकीचा राखाडी रंग देणार. त्यामुळे त्या परत मिळणार नाहीत, आणि कोरलेले नावही रंगाखाली जाईल. आजेसासूबाईंची आठवण असेल तर देऊ नका.

तबकडी तंगुसावर टांगायची, तीन ठिकाणी. एकाच तंगुसावर टांगली तर गरगरत राहते. नायलॉन ओझ्याने ताणते, म्हणून आदल्या रात्रीच टांगून ठेवावी लागते. तंगूस उन्हात चमकला तर ओल्या मुलतानी मातीचे बोट फिरवले की भागते.

आता गच्ची. एक फुटाची तबकडी कॅमेऱ्यापुढे ४ फुटांवर धरली, तर ४०० फुटांवरच्या घरांवर ती १०० फुटांची दिसते. मात्र दोन्ही स्पष्ट दिसायला हवीत. एपीएस-सी (म्हणजे मध्यम आकाराच्या) सेन्सरच्या कॅमेऱ्याला २४ मिमी लेन्स लावून, लेन्सचे छिद्र बारीक, म्हणजे एफ १६, ठेवून फोकस दोन मीटरवर बांधला की साधारण एक मीटरपासून क्षितिजापर्यंत सगळे रेखीव येते. बाळीवेस किंवा तुळजापूर वेस परिसरात अशी गच्ची हवी, जिच्या समोरच्या ४०० फुटांत मोबाइल टॉवर आणि डिश अँटेना कमीत कमी असतील. तीन सकाळी, सूर्योदयापासून साडेनऊपर्यंत. नंतर वारा सुटला की तबकडी झोके घेते आणि परग्रहाचा सगळा दरारा जातो.

कारखान्याची शेड कोसळते तो प्रसंग १:१६ प्रमाणाच्या प्रतिकृतीवर होईल. उंची सोळाव्या हिश्श्याची झाली की पडायला चौथ्या हिश्श्याचा वेळ लागतो; म्हणून सेकंदाला २४ ऐवजी ९६ चित्रे घ्यायची, नाहीतर खेळणे पडल्यासारखे दिसते. त्याला चौपट उजेड लागतो. स्वस्त एलईडी इथे दगा देतात: आपल्या ५० हर्ट्झच्या विजेवर ते सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात आणि ९६ चित्रांत ती लुकलुक ठळक उतरते. हॅलोजनची तार गरम राहते, म्हणून तो चालतो. मंडपवाल्यांनी १००० वॅटचे चार हॅलोजन दोन रात्री दिले तर मोठे काम होईल. चारांचा भार १७ अँपिअरच्या वर जातो, एका सॉकेटवर झेपणारा नाही. तेव्हा परवानाधारक वायरमनही हवा.

भिंतींसाठी ५० किलो प्लास्टर ऑफ पॅरिस. पातळ ओतून मागून चिरा पाडल्या की हव्या तिथेच तुटते. धुळीसाठी १० किलो मुलतानी माती. सिमेंट फुप्फुसांना वाईट. थर्माकोल कृपया आणू नका. स्प्रेचा रंग लागताच तो विरघळतो आणि जळला की विषारी धूर सोडतो.

चादरी हव्यातच, सोलापुरात त्यांच्याविना चित्रीकरण कसले! पण लाल-हिरवी नक्षी कृष्णधवलमध्ये बहुधा एकाच राखाडीत बुडते. गडद निळ्यावर पांढरी अशी द्या. जुना रेडिओ, काळा टेलिफोन, डायनॅमोची सायकल, कंदील हे सगळे चालेल, चालू नसले तरी. हाताने फिरवायचा भोंगा मात्र वाजणारा हवा. करवतीवर व्हायोलिनचा गज फिरवून सूर काढणारे कुणी असतील तर त्यांनी जरूर भेटावे. तबकडीचा थरथरता आवाज तोच.

रोख गरज ६०,००० रुपयांची आहे: लेन्सभाडे, वायरमनची मजुरी, जेवण आणि परवानग्यांचे शुल्क. पावती मिळेल, करसवलत मिळणार नाही. वस्तू रविवारी सकाळी दहानंतर मंडळाच्या खोलीवर आणाव्यात. यादीच्या दोन प्रती करून एक आपल्याकडे ठेवा. परतीच्या वस्तूंवर नावाची चिठ्ठी आतल्या बाजूने चिकटवा, बाहेरची कॅमेऱ्यात येते.