विषय: फ्लॅट ४०२ च्या कपडे वाळवायच्या ड्रायरचा पाईप काढून पुन्हा बसवल्याबाबत (पाचवे पत्र)

मा. अध्यक्ष महोदय,
स. न. वि. वि.

आधीच्या चार पत्रांची पोच माझ्याकडे आहे. उत्तर एकाचेही नाही, म्हणून हे पाचवे.

"पाईप बदललाय, आता विषय संपवा," असे सचिवांनी मला जिन्यात ऐकवले. बदललाय, खरे आहे. पूर्वी तो डक्टमध्ये सोडलेला होता. आता माझ्या ड्राय बाल्कनीखाली तोंड वर करून बसवलाय. गरम हवा वर जाते आणि वर मी राहतो. एका खेपेच्या ओल्या कपड्यांतले दोनेक लिटर पाणी वाफ होऊन माझ्या भिंतीला लागते. बुरशीचे फोटो दुसऱ्या पत्रासोबत दिले होते. उन्हाळ्यात सौ.नी वाळत घातलेल्या कुरडयांवर ड्रायरमधल्या कपड्यांतून सुटलेला करडा कापूस बसला, त्या टाकून द्याव्या लागल्या. याबद्दल खालून साधे "सॉरी" आले नाही.

जुना पाईप काढल्यावर भिंतीतले चार इंची भोक तीन आठवडे तसेच उघडे. कबुतरांनी तिथे संसार थाटला. मग नवा पाईप आला, तोही चुण्यांचा, फॉइलचा. चुण्यांत कपड्यांचा कापूस अडकतो आणि तो चटकन पेट घेतो. वर कबुतरे नकोत म्हणून बाहेरच्या तोंडाला बारीक जाळी! कापूस जाळीतच तुंबतो, हवा कोंडते, मशीन तापते. इथे आपोआप मिटणारी झडप लावायची असते. हे सगळे मी तिसऱ्या पत्रात लिहिले आहे. वाचले असते तर बरे झाले असते.

आपल्या उपविधींप्रमाणे फ्लॅटमध्ये फेरफार करायला समितीची लेखी पूर्वपरवानगी लागते. ४०२ ला ती कधी दिली, ते कृपया दाखवावे. (माझ्या बाल्कनीच्या ग्रिलचा मुद्दा इथे आणू नये. ती जुनी आहे आणि तिच्यातून वाफ येत नाही.) ५०१ च्या काकू माझ्या मताच्या आहेत. ६०२ वाल्यांचाही पाठिंबा आहे, फक्त ते सध्या गावी असल्याने सही घेता आली नाही.

माझी मागणी फार नाही. ४०२ ने स्वखर्चाने गुळगुळीत पत्र्याचा, आखूड आणि सरळ पाईप मोकळ्या बाजूला काढावा, झडप लावावी, जुने भोक सिमेंटने बुजवावे. नाहीतर पाईप न लागणारा, पाणी टाकीत साठवणारा ड्रायर घ्यावा. तोही मिळतो. यातले काहीच जमत नसेल, तर पाईपचे तोंड सचिवांच्या बाल्कनीकडे वळवावे. माझी हरकत नाही.

कळावे,
सभासद, ५०२

सोबत : कापूस, नमुन्यादाखल (एक पाकीट)
प्रत : मा. उपनिबंधक, सहकारी संस्था (तूर्त पाठवलेली नाही)